शेअर केलेले फोल्डर उघडत नाही, बरोबर पासवर्डही चालत नाही: घरच्या वाय-फायवरील नेहमीच्या बिघाडाचे समस्या निवारण

लातूर, नांदेड, परभणी या पट्ट्यात घरगुती आणि लहान दुकानांतील संगणकांची दुरुस्ती करताना एक तक्रार इतक्या वेळा समोर येते की ती ऐकतानाच पुढचे वाक्य कळते. एकाच वाय-फायवर दोन संगणक आहेत, एकावरील फोल्डर किंवा प्रिंटर दुसऱ्यावरून व्यवस्थित वापरला जात होता, आणि काल-परवापासून ते बंद पडले आहे. आडत दुकानात हिशेबाची फाइल समोरच्या संगणकावर असते आणि मागच्या खोलीतून ती उघडायची असते. सेतू केंद्रात स्कॅन केलेली कागदपत्रे एका यंत्रावर जमा होतात आणि दुसऱ्यावरून अर्ज भरला जातो. घरात मुलांच्या लॅपटॉपवरून वडिलांच्या संगणकाला जोडलेल्या प्रिंटरवर छपाई करायची असते. या बिघाडाच्या दुरुस्तीला सहसा पैसे लागत नाहीत. तपासण्या योग्य क्रमाने केल्या, तर बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच काम होते.

मात्र याच बिघाडावर एक झटपट इलाजही सर्रास केला जातो: शेअरिंगवरील पासवर्डची अटच काढून टाकायची आणि संपूर्ण ड्राइव्ह 'एव्हरीवन' या नावाने सर्वांना खुला करायचा. त्याने काम चालू होते, दुरुस्ती करणारा निघून जातो, आणि पुढे त्या वाय-फायवर येणाऱ्या प्रत्येकासाठी तो संगणक उघडा राहतो. खालील सर्व तपासण्या पासवर्ड कायम ठेवून शेअरिंग पुन्हा सुरू करण्यासाठी आहेत. त्या विंडोज १० आणि ११ या दोन्हींना लागू आहेत. ज्या संगणकावर फोल्डर किंवा प्रिंटर आहे त्याला येथे 'मुख्य संगणक' म्हटले आहे आणि जेथून तो उघडायचा आहे त्याला 'दुसरा संगणक'.

लक्षणे

प्रथम पडद्यावर नेमके काय दिसते त्याचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा, कारण 'चालत नाही' एवढ्या माहितीवरून कोणालाच काही सांगता येत नाही, आणि या बिघाडाच्या प्रत्येक रूपाचे कारण बहुधा वेगळे असते.

वीज जाऊन आल्यानंतर नेटवर्क ड्राइव्हवर (ड्राइव्हसारखे जोडून घेतलेले मुख्य संगणकावरील फोल्डर) तांबडी फुली दिसत असेल आणि प्रिंटर 'ऑफलाइन' म्हणत असेल, तर दोष बहुतेक वेळा सुरू होण्याच्या क्रमात किंवा बदललेल्या आयपी पत्त्यात (राउटरने संगणकाला दिलेल्या नेटवर्कवरील क्रमांकात) असतो. 'नेटवर्क' ही खिडकी रिकामी दिसत असेल किंवा तिच्या वरच्या बाजूला नेटवर्क डिस्कव्हरी (संगणकांनी एकमेकांना शोधण्याची सोय) बंद असल्याची पट्टी येत असेल, तर नेटवर्कचा प्रकार चुकीचा निवडला गेलेला असतो. नाव टाकल्यावर नेटवर्क पाथ सापडत नसल्याचा संदेश आणि शेवटी ८००७००३५ हा आकडा येत असेल, तर दोन्ही संगणक एकमेकांपर्यंत पोहोचतच नाहीत. यूजरनेम आणि पासवर्ड मागणारी चौकट पुन्हा पुन्हा समोर येत असेल, तर पोहोच आहे, ओळख पटत नाही. फोल्डर उघडते पण त्यात बदल साठवला जात नाही किंवा परवानगी नसल्याचे सांगितले जाते, तेव्हा ओळखही पटलेली असते आणि अधिकार कमी पडतात.

आणखी एक लक्षण आहे, ज्याची तक्रार घेऊन कोणीही येत नाही. फोल्डर कोणताही पासवर्ड न मागता उघडते, आणि वरच्या मजल्यावरील भाडेकरूच्या मोबाइलमधील फाइल मॅनेजरमधूनही ते तसेच उघडते. माझ्या मते या साऱ्या यादीत सर्वांत गंभीर दोष हाच आहे.

पुढे जाण्यापूर्वी दोन्ही संगणकांवर इंटरनेट चालते का ते पाहावे. दोन्हीकडे चालत असेल, तर बाहेरून आलेल्या लाइनचा येथे काहीही संबंध नाही आणि फायबरवाल्याला फोन करून उपयोग होणार नाही, कारण दोन संगणकांमधील देवाणघेवाण घरातल्या राउटरच्या पलीकडे जातच नाही.

वीज, झोप आणि सुरू होण्याचा क्रम

सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे सगळे बंद करून योग्य क्रमाने पुन्हा सुरू करणे. आधी फायबरचा डबा आणि राउटर सुरू करावा, त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबावे, मग मुख्य संगणक सुरू करून त्यात लॉगिन करावे आणि शेवटी दुसरा संगणक. आपल्याकडे वीज गेल्यावर संगणक यूपीएसवर टिकून राहतो आणि राउटर मात्र तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतो, किंवा वीज आल्यावर संगणक राउटरच्या आधी तयार होतो आणि ड्राइव्ह जोडण्याचा त्याचा पहिला प्रयत्न फसतो. राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला की या प्रकारच्या तक्रारी लक्षणीय कमी होतात. राउटरसाठी मिळणारा लहान बॅटरी बॅकअपही पुरतो, फक्त त्याचे व्होल्ट राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर छापलेल्या आकड्याशी जुळले पाहिजेत.

मुख्य संगणक 'स्लीप'मध्ये गेला की त्यावरील फोल्डर नेटवर्कवरून नाहीसे होते. तो लॅपटॉप असेल आणि कोणी झाकण लावून ठेवत असेल, तर दुपारच्या जेवणानंतर रोज नेमकी तीच तक्रार येते. सेटिंग्जमधील 'पॉवर' विभागात वीज जोडलेली असताना स्लीप 'नेव्हर' करून ठेवावे.

दोन्ही संगणक खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत का

हा प्रश्न वरवर अनावश्यक वाटतो, पण येथेच पुष्कळ प्रकरणे निकाली निघतात. अनेक घरांत कंपनीने दिलेला डबा स्वतःच वाय-फाय सोडतो आणि मालकाने वेगळा राउटर विकत घेऊन त्यालाच जोडलेला असतो. मग एक संगणक पहिल्या डब्यावर आणि दुसरा राउटरवर राहतो, इंटरनेट दोघांनाही मिळते, आणि दोघे एकमेकांना दिसत नाहीत. माळवदाच्या जुन्या घरांत दोन-दोन फूट जाडीच्या भिंती असतात, त्यामुळे मागच्या खोलीपर्यंत वाय-फाय पोहोचवण्यासाठी असा दुसरा राउटर लावणे क्रमप्राप्तच होते.

तपासणी सोपी आहे. दोन्ही संगणकांवर वाय-फायच्या नावावर जाऊन त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये आयपी अ‍ॅड्रेस पाहावा. एकाचा १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर ते दोन वेगळ्या नेटवर्कवर आहेत. त्यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे दोन्ही संगणक एकाच डब्यावर घेणे. दुसरा राउटर ठेवायचाच असेल, तर तो 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडमध्ये लावावा म्हणजे तो वेगळे नेटवर्क तयार करत नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि पुढच्या कोणत्याही तपासणीला अर्थ नाही. आधी वाय-फाय तोडून पुन्हा जोडावे. एक संगणक 'गेस्ट' नेटवर्कवर, म्हणजे राउटरने पाहुण्यांसाठी दिलेल्या वेगळ्या वाय-फायवर, असेल तरी तो इतरांना दिसणार नाही. गेस्ट नेटवर्कचे कामच ते आहे, तेव्हा तो बिघाड समजू नये.

नेटवर्कचा प्रकार: पब्लिक की प्रायव्हेट

राउटर बदलला, वाय-फायचे नाव बदलले किंवा विंडोज नव्याने टाकले की ते नेटवर्क विंडोजच्या दृष्टीने नवीन असते, आणि नव्या नेटवर्कला विंडोज सहसा 'पब्लिक' मानते. पब्लिक म्हणजे बसस्थानकावरील किंवा लॉजवरील वाय-फाय असल्यासारखे वागायचे: फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी यंत्रणा, फाइल शेअरिंगची वाट बंद ठेवते आणि संगणक इतरांना स्वतःची ओळख देत नाही. त्यामुळे राउटर बदलल्यापासून बिघाड सुरू झाला असे कोणी सांगितले, की प्रथम हेच पाहावे. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात जोडलेल्या वाय-फायचे 'प्रॉपर्टीज' उघडून प्रकार 'प्रायव्हेट' करावा, आणि हे दोन्ही संगणकांवर करावे. त्यानंतर 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये प्रायव्हेट विभागातील नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग ही दोन बटणे सुरू करावीत. त्याच पानावर खाली 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' आहे. ते सुरूच राहू द्यावे.

घरचे नेटवर्क प्रायव्हेट करणे योग्यच आहे, पण तोच लॅपटॉप घेऊन मुलगा शिक्षणासाठी लातूरला किंवा संभाजीनगरला खोली करून राहत असेल, तर तेथील सामाईक वाय-फायवर तो पब्लिकच ठेवावा.

चौकट नेमका कोणता पासवर्ड मागते

सर्वाधिक वेळ खाणारी आणि सर्वाधिक गैरसमजाची जागा ही आहे, म्हणून येथे जरा सविस्तर लिहितो.

दुसऱ्या संगणकावरून फोल्डर उघडताना जी चौकट येते, ती मुख्य संगणकावरील खात्याचे नाव आणि त्या खात्याचा पासवर्ड मागत असते. लोक तेथे वाय-फायचा पासवर्ड टाकतात. तो नाकारला गेला की स्वतःच्या संगणकाचा पिन टाकतात, आणि तोही नाकारला गेला की पासवर्ड बरोबर असूनही चालत नाही असा निष्कर्ष काढतात. वाय-फायचा पासवर्ड हा वाड्याचा दिंडी दरवाजा आहे आणि चौकट आतल्या एका खोलीच्या कुलपाची किल्ली मागते आहे.

पिन येथे कधीच चालत नाही. विंडोजचा पिन ज्या संगणकावर तयार केला त्याच संगणकापुरता मर्यादित असतो आणि नेटवर्कवरून ओळख पटवण्यासाठी त्याचा उपयोग होत नाही. ज्या घरात रोज पिननेच लॉगिन होते, तेथे मूळ पासवर्ड वर्षभर कोणी टाकलेलाच नसतो आणि तो कोणाला आठवतही नाही. मुख्य संगणक मायक्रोसॉफ्ट खात्याने चालत असेल, तर यूजरनेमच्या जागी पूर्ण ईमेल पत्ता आणि त्याच खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो.

दुसरी अडचण कोऱ्या पासवर्डची. मुख्य संगणकावरील खात्याला पासवर्डच नसेल, तर रिकामी जागा ठेवून 'ओके' दाबल्याने काम होणार नाही. पासवर्ड नसलेले खाते फक्त त्या यंत्रासमोर बसूनच वापरता यावे आणि नेटवर्कवरून नाही, असा विंडोजचा मूळ नियम आहे. तो नियम बदलण्याचे मार्ग सांगणारे बरेच जण भेटतात, बदलू नये.

तिसरी बाब खास आपल्याकडची. दिवसभर मराठीत टंकलेखन चालणाऱ्या सेतू केंद्रात किंवा कार्यालयात कीबोर्ड मराठीवर राहून जातो, चौकटीत अक्षरांऐवजी फक्त काळे ठिपके दिसतात, आणि प्रत्येक ठिपक्यामागे देवनागरी अक्षर असते. पासवर्डच्या जागेच्या उजव्या टोकाला असलेले डोळ्याचे चिन्ह दाबून धरले की टाकलेली अक्षरे दिसतात. मी तरी कोणतेही सेटिंग बदलण्यापूर्वी ते दाबून पाहतो.

पूर्वी चौकट न येता फोल्डर उघडत होते, मग आताच का मागते, हा प्रश्न हमखास विचारला जातो. विंडोज आधी आपण ज्या नावाने आणि पासवर्डने लॉगिन केले आहे तेच मुख्य संगणकाला देऊन पाहते, आणि दोन्हीकडे नाव व पासवर्ड सारखे असतील तर काहीही न विचारता दार उघडते. कोणी एका संगणकाचा पासवर्ड बदलला की ही जुळणी तुटते आणि चौकट येऊ लागते.

या सगळ्या गोंधळावर मी एकच उपाय कायम सुचवतो: मुख्य संगणकावर शेअरिंगपुरते वेगळे स्थानिक खाते (मायक्रोसॉफ्ट खात्याशी न जोडलेले, त्याच संगणकापुरते) तयार करावे. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स', त्यात 'अदर यूजर्स' येथून नवे खाते जोडताना या व्यक्तीची साइन-इन माहिती नाही आणि मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय यूजर जोडायचा आहे, हे दोन पर्याय क्रमाने निवडावेत. नाव रोमन लिपीत, छोटे आणि मध्ये जागा न सोडता द्यावे, पासवर्ड द्यावा, आणि खाते 'स्टँडर्ड' प्रकारचे ठेवावे. त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करण्याचे कारण नाही. मग जे फोल्डर द्यायचे आहे त्याच्या प्रॉपर्टीजमधील 'शेअरिंग' टॅबवरून 'शेअर' बटण दाबून फक्त या खात्याला आवश्यक तेवढा अधिकार द्यावा आणि यादीत 'एव्हरीवन' असेल तर काढून टाकावे. दुसऱ्या संगणकावरील चौकटीत यूजरनेमच्या जागी मुख्य संगणकाचे नाव, मग एक उलटी तिरपी रेघ, मग नव्या खात्याचे नाव असे सलग लिहावे, कारण नुसते नाव लिहिल्यास विंडोज कधी कधी ते खाते स्वतःवरच शोधत बसते. या पद्धतीने घरमालकाचा ईमेलचा पासवर्ड दुकानातील नोकराला किंवा मुलांच्या मित्राला सांगण्याची वेळ येत नाही, आणि उद्या माणूस बदलला तर एका खात्याचा पासवर्ड बदलून विषय संपतो.

एक सावधगिरी येथेच सांगतो. चुकीचे पासवर्ड भराभर टाकत राहू नये. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या यंत्रांवर दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते दहा मिनिटांसाठी कुलूपबंद होते, आणि त्या काळात बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

साठून राहिलेला जुना पासवर्ड

पासवर्ड निश्चित बरोबर आहे, डोळ्याच्या चिन्हाने पाहिला आहे, तरीही नकार येत असेल, तर दुसऱ्या संगणकावरील कंट्रोल पॅनेलमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडून 'विंडोज क्रेडेन्शियल्स' पाहावे. पूर्वी 'रिमेंबर' वर खूण करून साठवलेला जुना पासवर्ड तेथे असतो आणि विंडोज आपल्याला न विचारता तोच पुढे करत राहते. मुख्य संगणकाच्या नावाची नोंद काढून टाकावी. त्याच्या आयपी पत्त्याने वेगळी नोंद असू शकते, तीही काढावी, आणि संगणक पुन्हा सुरू करावा. पुन्हा सुरू करण्याचे कारण असे की एकाच मुख्य संगणकाशी एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडलेले विंडोजला चालत नाही, आणि आधीची अर्धवट जोडणी मागे राहिलेली असते.

नाव, पत्ता आणि काही सेवा

ड्राइव्ह किंवा प्रिंटर आयपी पत्त्याने जोडलेला असेल, तर वीज जाऊन आल्यावर राउटर मुख्य संगणकाला वेगळा पत्ता देऊ शकतो आणि दुसरा संगणक जुन्या पत्त्यावर शोधत राहतो. शक्यतो संगणकाच्या नावाने जोडावे, किंवा राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून उघडते ते) 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' करून मुख्य संगणकाला आणि नेटवर्क प्रिंटरला कायमचा पत्ता द्यावा. नाव चालत नाही पण पत्ता चालतो, असे आढळले तर दोष फक्त नाव शोधण्यात आहे एवढे कळते, आणि निम्मे काम होते.

नेटवर्कच्या खिडकीत संगणक दिसत नसेल पण नाव लिहिल्यावर उघडत असेल, तर मुख्य संगणकावरील 'सर्व्हिसेस'मध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा शोधून तिचा प्रारंभ 'ऑटोमॅटिक' करावा. खरे तर खिडकीत दिसणे ही केवळ सोय आहे. ड्राइव्ह एकदा जोडून घेतला की तिची गरज उरत नाही.

अधिकार कमी पडत असतील तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधील 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' हे दोन्ही टॅब पाहावेत. दोन्हींपैकी जो अधिक कडक असेल तोच लागू होतो, त्यामुळे एका ठिकाणी पूर्ण अधिकार देऊन फाइल साठवता येत नाही म्हणून लोक बुचकळ्यात पडतात. वेगळे अँटिव्हायरस टाकलेले असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते आणि तिलाही हे नेटवर्क घरचे असल्याचे सांगावे लागते.

झटपट इलाज आता उलटतो

पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद केले की विंडोज येणाऱ्या अनोळखी संगणकाला 'गेस्ट' म्हणून, म्हणजे ओळख न विचारता, आत घेते. वर्षानुवर्षे हे चालले. मात्र विंडोज ११ च्या २४एच२ या २०२४ मधील आवृत्तीपासून विंडोजचा 'प्रो' प्रकार असलेल्या संगणकांवर गेस्ट म्हणून जोडणे मूळतःच बंद आहे आणि प्रत्येक जोडणीवर ओळखीची डिजिटल सही आवश्यक केली आहे, जी गेस्टला करता येत नाही. परिणामी एक संगणक नवा घेतला किंवा अद्ययावत झाला की पासवर्ड काढून चालू केलेले शेअरिंग बंद पडते, आणि पडद्यावर आपल्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे गेस्टला प्रवेश नाही अशा अर्थाचा संदेश येतो. किराणा दुकानदाराला आपली ही कोणती संस्था, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. राउटरला पेन ड्राइव्ह लावून केलेले शेअरिंगही याच कारणाने अडते. धोरण सैल करण्याचा मार्ग आहे, पण वर सांगितलेले वेगळे खाते हा त्याहून सोपा आणि टिकाऊ उपाय आहे.

जुन्या यंत्रांचा प्रश्न वेगळा आहे. विंडोज एक्सपीचा संगणक किंवा स्कॅन थेट फोल्डरमध्ये पाठवणारे जुने झेरॉक्स मशीन फक्त एसएमबी १ ही जुनी पद्धत जाणते, आणि ती २०१७ च्या अखेरीपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये नसते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच पद्धतीतील छिद्रातून संगणकामागून संगणक गाठत गेला होता. ती पद्धत पुन्हा सुरू करून देणारे दुरुस्तीवाले आजही आहेत; त्यांना नकार द्यावा. स्कॅन ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हमध्ये घ्यावे. विंडोज १० चा मोफत आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे ज्या संगणकावर लोकांची कागदपत्रे आहेत तो शक्य तितक्या लवकर पुढच्या आवृत्तीवर न्यावा.

वाय-फाय कोणाकोणाकडे आहे

लातूर आणि नांदेडमध्ये शिकवणीसाठी बाहेरगावची मुले भाड्याने खोल्या घेऊन राहतात, आणि मालकाचे वाय-फाय हा बहुधा भाड्याचाच भाग असतो. पासवर्ड एका मुलाला दिला की तो सर्वांपर्यंत पोहोचतो, कारण अँड्रॉइड १० पासूनच्या मोबाइलवर जोडलेल्या वाय-फायचा क्यूआर कोड दाखवता येतो आणि समोरच्याने तो स्कॅन केला की काम झाले. दर वर्षी मुले बदलतात, पासवर्ड तोच राहतो. त्याच वाय-फायवर खाली मालकाच्या दुकानातील संगणक असतो, ज्यात ग्राहकांच्या आधारच्या प्रती, सातबारा आणि पीकविम्याचे अर्ज असतात.

यासाठी राउटरच्या पानावर जाऊन भाडेकरूंना गेस्ट नेटवर्क द्यावे. त्यावरून इंटरनेट मिळते पण मालकाचा संगणक दिसत नाही, आणि जुना गट गेला की फक्त त्याच नेटवर्कचा पासवर्ड बदलता येतो. मुख्य वाय-फायचा पासवर्डही त्याच वेळी बदलावा, नाहीतर जुन्या मोबाइलमधील नोंद तशीच राहते. पासवर्ड आठ अक्षरांपेक्षा कमी ठेवताच येत नाही, पण मोबाइल क्रमांक, दुकानाचे नाव किंवा मुलाचे नाव आणि जन्मसाल हे अंदाजाने सापडणारे आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द सलग लिहिले तर ते लक्षातही राहतात आणि शोधायलाही कठीण जातात. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए २ किंवा डब्ल्यूपीए ३ असावा.

डब्ल्यूपीएस हे बटण दाबून जोडण्याचे वैशिष्ट्य बंद करावे. त्याच्या आठ अंकी पिनची तपासणी दोन तुकड्यांत होते आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो, त्यामुळे सुमारे अकरा हजार प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. राउटरच्या पानाचा स्वतःचा पासवर्ड बहुतेक घरांत कारखान्यातून आलेलाच असतो. तो बदलल्याशिवाय बाकी सर्व व्यर्थ आहे, कारण वाय-फायवर असलेला कोणीही ते पान उघडून वाय-फायचा नवा पासवर्डही वाचू शकतो. याच पानावर 'पोर्ट फॉरवर्डिंग'मध्ये ४४५ किंवा ३३८९ हे आकडे दिसले, तर त्या नोंदी लगेच काढाव्यात. पहिला फाइल शेअरिंगचा आणि दुसरा दूरून संगणक चालवण्याचा मार्ग आहे, आणि दोन्ही थेट इंटरनेटवर उघडे ठेवण्याचे घरगुती कारण असूच शकत नाही.

राउटरवरील जोडलेल्या उपकरणांची यादी पाहून कोण कोण आहे ते ओळखण्याचा प्रयत्न करावा, पण तिच्यावर फार विसंबू नये. नवे मोबाइल प्रत्येक नेटवर्कसाठी स्वतःचा बनावट मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) वापरतात, त्यामुळे पत्त्यानुसार परवानगी देण्याची जुनी युक्ती आता तापदायकच ठरते.

येथे थांबावे

मे-जूनमधील वळवाच्या पावसात वीज कडाडल्यानंतर बिघाड झाला असेल, राउटर गरम लागत असेल, जळका वास येत असेल किंवा त्याचा एखादा पोर्ट मृत झाला असेल, तर सेटिंग्ज तपासण्यात वेळ घालवू नये. अ‍ॅडॅप्टर काढून ठेवावा आणि फायबरवाल्याला किंवा हार्डवेअर जाणणाऱ्याला बोलवावे.

दोन्ही संगणक एकाच दुकानदाराने एका डिस्कची हुबेहूब नक्कल करून दिलेले असतील, दोन्हींवर विंडोज ११ ची २४एच२ किंवा त्यापुढील आवृत्ती असेल, आणि ऑगस्ट २०२५ च्या अखेरीनंतरच्या अपडेटपासून बरोबर पासवर्डही नाकारला जात असेल, तर दोन्ही यंत्रांची अंतर्गत ओळख एकच असण्याची दाट शक्यता आहे. नव्या अपडेटने ही तपासणी कडक केली आहे. यावर घरगुती इलाज नाही. एका संगणकावर विंडोज रीतसर नव्याने टाकावे लागते, आणि ते काम आधी डेटाची प्रत घेऊन जाणकारानेच करावे.

संगणक कंपनीचा किंवा बँकेच्या कामाचा असेल तर त्याच्या खात्यांना आणि शेअरिंगला हात लावू नये. निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (डिस्कवरील डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की मागितली जात असेल आणि ती आपल्याकडे नसेल, तर रीसेट हा पर्याय दाबू नये, कारण त्यानंतर डेटा परत मिळत नाही. आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात ती साठवलेली आहे का ते पाहावे.

फोल्डरमधील फाइलींची नावे बदललेली दिसली, त्या उघडत नसतील आणि पैसे मागणारी चिठ्ठी सापडली, तर त्या क्षणी सर्व संगणकांचे वाय-फाय बंद करावे आणि केबल काढावी. फॉरमॅट करू नये आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्या संगणकाला लावू नये. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवावी. उशीर झाला की पैसे अडवण्याची शक्यता झपाट्याने कमी होते.

व्यावसायिकाला बोलावल्यावर काम संपताना तीन गोष्टी त्याच्यासमोरच तपासून घ्याव्यात: पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग सुरू आहे, फोल्डरच्या यादीत 'एव्हरीवन' नाही, आणि त्याने दूरून स्क्रीन पाहण्यासाठी टाकलेले अ‍ॅप काढून टाकले आहे. त्याला काम करताना जो पासवर्ड सांगावा लागला, तो पासवर्ड त्या माणसाच्या जाण्यानंतर बदलावा.